सभासद कोणाला म्हणावे?

सुरतेहून भुसावळकडे जाणारी गाडी उधना सोडते आणि थोड्याच वेळात चलथाणचे स्टेशन येते. दिवाळीच्या आगेमागे उतरलात तर आधी नाकाला कळते की आपण साखरेच्या गावात आलो आहोत. मळी आणि उकळत्या रसाचा तो आंबूस-गोड वास गाळप हंगाम संपेपर्यंत गावाला सोडत नाही. चलथाण आज पलसाणा तालुक्यात मोडते. पलसाणा, कामरेज, व्यारा, सोनगढ हे महाल संस्थानी काळात गायकवाडांच्या नवसारी प्रांतात होते. तेव्हा या मुलखाला मराठी काही नवी नाही. आधी ती गायकवाडी अंमलदारांबरोबर आली. एकोणिसावे शतक संपता संपता तापी खोऱ्यातून रेल्वे गेली आणि खानदेश सुरतेला जोडला गेला. मग गिरण्या, यंत्रमाग, साखर कारखाना असे एकेक निमित्त होत गेले आणि पोटामागे आलेली माणसे इथलीच झाली.

अशा माणसांचे एक मंडळ या परिसरात आहे. नाव घेत नाही, कारण आमच्या मंडळासारखी मंडळे वापीपासून नवापूरपर्यंत आणि तिकडे बेळगाव-बिदरपर्यंत पाहिजे तितकी सापडतील. गणपती, कोजागिरी, हळदीकुंकू, दहावी-बारावीच्या मुलांचे कौतुक आणि वर्षातून एक नाटक, तेही जमले तर. काही वर्षांपूर्वी कोजागिरीच्या रात्री दूध उकळत असताना आमच्या शेजारचे एक गुजराती गृहस्थ मला म्हणाले, ‘‘भाऊ, मला पण मेंबर करा ने!’’ वीस वर्षे ते गणपतीची वर्गणी देत आले होते. आरत्या त्यांना आमच्या मुलांपेक्षा चांगल्या येतात. मी हसून ‘‘करू की’’ म्हणालो आणि घरी येऊन घटना उघडली. तिसऱ्या कलमात स्पष्ट लिहिले होते : ‘ज्याची मातृभाषा मराठी आहे अशा कोणाही सज्ञान व्यक्तीस सभासद होता येईल.’

पुढच्या वार्षिक सभेत हा विषय निघाला आणि रात्री साडेअकरापर्यंत पुरला. एक ज्येष्ठ सभासद, ज्यांना आम्ही सारे नाना म्हणतो, चिडून म्हणाले, ‘‘कोणीही या, कोणीही जा, असं करायचं असेल तर मंडळ कशाला? सरळ क्लब काढा!’’ त्यावर एक तरुण सभासद म्हणाला, ‘‘नाना, क्लबात तर कोणालाच आत घेत नाहीत!’’ सभा हसली, पण माझ्या मनात तो प्रश्न घर करून बसला. क्लब म्हणजे नेमके काय? तो कोण चालवतो, कोणाला आत घेतो, पैसा कोणाचा असतो? घटनादुरुस्तीचा मसुदा करण्याचे काम माझ्या गळ्यात पडले होतेच. त्या निमित्ताने जे वाचले, ते वाचकांपुढे ठेवतो आहे.

वखारीतली पंगत

इंग्रजी पद्धतीच्या सामायिक जगण्याचा हिंदुस्थानातील एक जुना नमुना चलथाणपासून हाकेच्या अंतरावर, सुरतेतच सापडतो. १६१३ मध्ये बादशहा जहांगीराचे फर्मान मिळाले आणि इंग्रजांची वखार सुरतेत स्थिरावली. आपल्याला ती आठवते शिवाजी महाराजांच्या १६६४ च्या स्वारीमुळे. पण वखारीच्या आतले जीवनही पाहण्यासारखे होते. अध्यक्षापासून शिकाऊ पोरापर्यंत सारे एका छताखाली राहत आणि कंपनीच्या खर्चाने एकाच लांब टेबलावर जेवत. बसायचे मात्र हुद्द्याच्या क्रमाने. प्रार्थनेच्या वेळा ठरलेल्या, रात्री फाटक बंद. परक्या मुलखात एकटी पडलेली माणसे एकत्र राहण्यासाठी जे नियम करतात, ते सारे तिथे होते. पण ही वखार म्हणजे क्लब नव्हे. तिथे राहणारा माणूस कंपनीचा नोकर होता. त्याला कोणी निवडून आत घेतले नव्हते आणि कारभारात त्याचे मतही नव्हते.

क्लब खऱ्या अर्थाने जन्मला लंडनच्या कॉफीघरांत आणि चॉकलेटघरांत. व्हाइट्स हा तिथला प्रसिद्ध क्लब १६९३ मध्ये चॉकलेटघर म्हणून निघाला. घर मालकाचे, धंदा मालकाचा. गिऱ्हाइके मात्र आपसांत ठरवू लागली की अमका आपल्या टेबलावर नको. हळूहळू त्यांनी स्वतःच्या नियमांची वही केली आणि कोणाला बसू द्यायचे हे मालकाच्या हातून काढून घेतले. पुढे एकोणिसाव्या शतकात अथीनियम (१८२४), रिफॉर्म (१८३६) यांसारखे क्लब निघाले. त्यांत इमारतही सभासदांची आणि नफा-तोटाही सभासदांचा.

हा फरक आजही लक्षात ठेवण्याजोगा आहे. क्लब दोन जातींचे असतात : मालकाचा क्लब आणि सभासदांचा क्लब. हमरस्त्याच्या कडेला तरणतलाव, हॉटेल आणि ‘आयुष्यभराचे सभासदत्व’ विकणारी जी स्थळे दिसतात, ती बहुधा पहिल्या जातीची. तिथे आपण पैसे भरतो, कार्ड मिळते, पण दर वाढवायचा की नाही हे आपल्याला कोणी विचारत नाही. मालकाने दिवाळे काढले तर कार्ड पाकिटात राहते आणि तलाव जातो. तेव्हा पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारावा : वार्षिक सभेत मला मत आहे का? नसेल तर आपण सभासद नाही, गिऱ्हाईक आहोत.

काळे गोळे

इंग्रज मंडळींनी हा क्लब बोटीतून बरोबर आणला. कलकत्त्याचा बेंगॉल क्लब १८२७ चा, मद्रासचा १८३२ चा, मुंबईचा भायखळा क्लब १८३३ चा. या साऱ्यांचा सांगाडा एकच होता आणि थोड्याफार फरकाने तो आजही टिकून आहे. नव्या उमेदवाराला एक सूचक आणि एक अनुमोदक लागतो. त्याचे नाव काही दिवस फलकावर लावतात, म्हणजे हरकत असणाऱ्याला सांगता यावे. मग मतदान, तेही गुप्त. एका पेटीत पांढरे किंवा काळे गोळे टाकायचे. ठरावीक संख्येपेक्षा जास्त काळे गोळे निघाले की उमेदवार बाद. कुठे एका गोळ्यानेही दार बंद होई. कारण सांगण्याचे बंधन नाही आणि अपीलही नाही. आत आलेल्याने एकरकमी प्रवेशमूल्य द्यायचे, मग महिन्याची किंवा वर्षाची वर्गणी आणि वर खाल्ल्याप्याल्याचे बिल. थकबाकीदाराचे नाव फलकावर लागे. त्या लाजेपोटी भलेभले पैसे भरत.

कारभार निवडून आलेल्या समितीचा, रोजचे काम चिटणिसाचे. समितीचे काही सभासद दर वर्षी निवृत्त होत, म्हणजे सारी समिती एकदम जुनी होत नसे आणि एकदम नवीही. सूचनावही म्हणून एक वही दाराशी ठेवलेली असे. सूप गार होते, वर्तमानपत्र उशिरा येते, असल्या तक्रारी सभासद तीत सही करून लिहीत आणि समितीला त्यांना लेखी उत्तर द्यावे लागे. आपल्याकडे असल्या तक्रारी पानाच्या टपरीवर होतात. त्या वहीत याव्यात असे मला फार वाटते.

ही झाली व्यवस्था. पण ती व्यवस्था कशासाठी राबवली गेली, हेही पाहिले पाहिजे. मुंबईचा बाँबे जिमखाना १८७५ चा. हिंदुस्थानातला पहिला अधिकृत कसोटी सामना डिसेंबर १९३३ मध्ये त्याच मैदानावर झाला आणि लाला अमरनाथांनी तिथेच पहिले भारतीय शतक ठोकले. पण ज्या क्लबाच्या मैदानावर ते खेळले, त्याचे सभासदत्व भारतीयांना नव्हते. लॉर्ड विलिंग्डन हे १९१३ ते १९१८ मुंबईचे गव्हर्नर. त्यांच्या हिंदी पाहुण्याला एका गोऱ्या क्लबाने दाराशीच अडवले आणि त्या रागातून सर्वांना खुला असा विलिंग्डन क्लब निघाला, अशी गोष्ट सांगतात. गोष्टीचा तपशील कसाही असो, गव्हर्नरलाही क्लबाच्या नियमापुढे हात टेकावे लागले यावर लोकांचा विश्वास बसला, यातच क्लबाची ताकद दिसते.

आपले जिमखाने

ज्यांना बाहेर ठेवले त्यांनी काय केले? त्यांनी तोच सांगाडा उचलला आणि आपले घर बांधले. मुंबईत १८८५ मध्ये पारशी जिमखाना निघाला, १८९४ मध्ये परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना. मुसलमानांचाही झाला. समुद्राकाठी ओळीने उभे राहिलेले हे जिमखाने म्हणजे गोऱ्या क्लबाला दिलेले उत्तर होते. पण प्रत्येकाने आपल्या दारावर आपल्या जमातीची पाटी लावली.

या दारांची खरी कसोटी लागली ती एका माणसामुळे. बाळू पालवणकर हे जातीने चांभार. पुण्यात युरोपियनांच्या क्लबात मैदान सारवण्याचे आणि जाळ्यात साहेबांना चेंडू टाकण्याचे काम ते महिना चार रुपयांवर करीत. साहेबांना चेंडू टाकता टाकता त्यांचा डावखुरा फिरकी हात असा तयार झाला की त्यांना टाळून पुण्याच्या हिंदूंना साहेबांवर विजय मिळवणे अवघड झाले. म्हणून त्यांना संघात घेतले. मैदानावर त्यांनी फिरवलेला चेंडू साऱ्यांनी हातात घेतला. चहाच्या वेळी मात्र त्यांना पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे आणि जेवणाला वेगळे ताट.

पुढे ते मुंबईला आले आणि हिंदू जिमखान्यासाठी खेळू लागले. तिथे त्यांना इतर खेळाडूंबरोबर बसण्या-जेवण्याची मुभा मिळाली आणि सुधारक पत्रांनी त्याची मुद्दाम दखल घेतली. १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्यात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात संघ सपाटून हरत असताना त्यांनी सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले. तरी हिंदू संघाचे कप्तानपद त्यांना मिळाले नाही. त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना ते मिळाले १९२३ मध्ये, आणि त्या वर्षी हिंदूंनी चौरंगी स्पर्धा जिंकली. म्हणजे जिमखान्याचे दार एकदम उघडले नाही. आधी मैदान, मग चहा, मग जेवण, मग कप्तानी, अशा चार पायऱ्या झाल्या आणि त्यांना दोन भावांच्या कारकिर्दी लागल्या. गोऱ्यांनी आपल्याला बाहेर ठेवले म्हणून ज्यांना संताप आला, त्यांनाच आपल्या दाराबाहेर कोणी उभे आहे हे दिसायला इतका वेळ लागला.

पुण्याचा डेक्कन जिमखाना १९०६ चा. आज त्या नावाने एक वस्ती आणि बसथांबा ओळखला जातो, पण मुळात ती सभासदांनी चालवलेली संस्था. सर दोराबजी टाटा तिचे अध्यक्ष होते. जिमखान्याच्या खेळांत खेड्यापाड्यांतली पोरे अनवाणी धावताना त्यांनी पाहिली आणि ही पोरे ऑलिंपिकला जायला हवीत हा विचार तिथून पुढे गेला. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी जो लहानसा संघ गेला, त्यात बेळगावकडचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनमध्ये ते १९ वे आले. सीमाभागातल्या वाचकांना हे नाव ठाऊक असेल, नसेल तर असायला हवे. सभासदांच्या वर्गणीवर चाललेल्या संस्थेने सभासद नसलेल्या माणसाला मैदान दिले, तर त्यातून काय निघू शकते, याचे हे उदाहरण आहे.

क्लबाचा पैसा कसा उभा राहतो याचा धडा मात्र मुंबईतच मिळतो. क्रिकेट क्लब ऑफ इंडिया १९३३ मध्ये स्थापन झाला आणि १९३७ मध्ये त्याचे ब्रेबर्न स्टेडियम उभे राहिले. सभासद आगाऊ करून घ्यायचे, त्यांच्या पैशातून भिंती चढवायच्या आणि बदल्यात त्यांना जागेचा हक्क द्यायचा, ही आजीव सभासदत्वाची जुनी युक्ती इथेही उपयोगी पडली. मात्र हक्क दिला की तो पिढ्यान्‌पिढ्या सांभाळावा लागतो. पुढे मुंबई क्रिकेट संघटना आणि क्लब यांच्यात सामन्याच्या जागा कोणाला किती यावरून तंटा झाला, आणि तो इतका चिघळला की संघटनेने १९७० च्या दशकात पलीकडेच वानखेडे स्टेडियम बांधले. आजीव वर्गणी घेऊन सभागृह बांधायला निघालेल्या आमच्यासारख्या मंडळांनी ही हकिकत दोनदा वाचावी.

कूड आणि गावाची खोली

इथपर्यंत आलो तेव्हा वाटले, हे सारे बडेजावाचे. चलथाणच्या भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या माणसाचा याच्याशी काय संबंध? पण क्लबाचे एक दुसरे घराणे आहे. ते साहेबाकडून आले नाही, पोटापाण्यासाठी गाव सोडलेल्या माणसांकडून आले.

मुंबईत धोबीतलावाच्या आसपास गोमंतकीयांचे ‘कूड’ आहेत. कोकणीत कूड म्हणजे खोली. इंग्रजीत त्यांच्या पाटीवर ‘क्लब’ असेच लिहिलेले असते. एकेका गावाचा एकेक कूड. धोबीतलावच्या जेर महाल या इमारतीत अशा कित्येक गावांच्या पाट्या शेजारी शेजारी दिसत. गोव्यातून बोटीवर नोकरीसाठी आलेला खलाशी, आचारी, वाजंत्री तिथे उतरे. जहाज मिळेपर्यंत राहायला जागा, भिंतीशी आपली पेटी, महिन्याचे नाममात्र भाडे. गावच्या संताची वेदी असे आणि संध्याकाळी सर्वांनी मिळून प्रार्थना म्हणायची हा सक्तीचा नियम. सभासद व्हायला सूचक नको, अनुमोदक नको. तू त्या गावचा असलास की पुरे. काही कुडांत मात्र गावचे जातिभेदही पेटीबरोबर आले, हेही सांगितले पाहिजे.

आपल्या गिरणगावातही तेच होते. रत्नागिरी-साताऱ्याकडच्या गावांनी मिळून चाळीत एखादी खोली घेतलेली असे. पाळीप्रमाणे माणसे झोपत. दिवसपाळीचा उठला की त्याच जागी रातपाळीचा आडवा होई. खानावळवाल्या बाईकडे जेवण, गावच्या देवळासाठी वर्गणी, भिशी आणि कोणी मेले तर गावाकडे कळवण्याची जबाबदारी. वही एका माणसाकडे असे आणि तिच्याबद्दल भांडणेही होत. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर खोल्या ओस पडत गेल्या, पण गावागावांची ‘मुंबई मंडळे’ अजून पावत्या फाडतात.

सुरत-उधन्याच्या खानदेशी वस्त्यांतली आणि आमच्याकडची मंडळे याच घराण्यातली. आपण क्लब म्हणून निघालो नव्हतो. एकटे पडू नये म्हणून निघालो होतो. त्यामुळे आपल्याला वर्गणी गोळा करता येते, पण नियम लिहिताना हात अडखळतो. कारण नात्यात लेखी काय करायचे, असे वाटते. साहेबाच्या क्लबात नियम होते आणि जिव्हाळा कमी, आपल्याकडे जिव्हाळा आहे आणि वही हरवलेली असते.

तिसरेही एक उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे. रत्नागिरी (१८२८), नाशिक (१८४०), पुणे आणि बेळगाव (दोन्ही १८४८), इकडे सुरतेत अँड्र्यूज लायब्ररी (१८५०), अशी वर्गणीची ग्रंथालये साहेबाच्या प्रेरणेने का होईना, पण एतद्देशीयांच्या सहभागाने उभी राहिली. वर्गणी देईल त्याला पुस्तक. जातीपेक्षा पैसा हे दार जरा रुंद, पण दार ते दारच. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल आणला आणि बडोदे संस्थानात मोफत वाचनालयांची योजना आखली. गावाने एक हिस्सा जमवायचा, तेवढाच प्रांत पंचायतीने द्यायचा आणि तेवढाच सरकारने. म्हणजे वर्गणी गावाची आणि वाचायचा हक्क सर्वांचा. सभासदाचा अभिमान राखून बिगरसभासदाला आत घेण्याची ही तोड आमच्याच मुलखात, एका मराठी राजाने गुजराती प्रजेसाठी काढली होती.

सात माणसे आणि एक कागद

आता थोडे कायद्याचे. कोणत्याही सात माणसांना एकत्र येऊन संस्था नोंदवता येते, ती १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याने. हा कायदा राणीच्या काळचा, पण त्यातली काही कलमे आजही डोळे उघडणारी आहेत. पहिले, दरवर्षी कार्यकारिणीची यादी निबंधकाकडे द्यायची. दुसरे, ज्याची वर्गणी तीन महिन्यांपेक्षा जास्त थकली आहे, त्याला मत नाही आणि त्याची सभासदांत गणनाही नाही. तिसरे, संस्था मोडायची तर तीनपंचमांश सभासदांची संमती हवी. आणि चौथे सर्वांत महत्त्वाचे : मोडल्यावर देणी भागवून जे उरेल ते सभासदांनी वाटून घ्यायचे नाही, तशाच दुसऱ्या संस्थेला द्यायचे. म्हणजे सभासद हा मालक आहे आणि नाहीही. त्याला वापरायचा, मत द्यायचा अधिकार आहे, विकून खायचा नाही.

शिवाय १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायदा आहे. १ मे १९६० ला राज्ये वेगळी झाली तरी तो दोन्हीकडे राहिला. गुजरातेत त्याच्या नावातले मुंबई जाऊन गुजरात आले, इतकेच. विश्वस्त बदलले की धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदल-अर्ज द्यायचा. हे न केल्यामुळे कागदावर अजून वारलेली माणसेच विश्वस्त आहेत, अशी मंडळे मला ठाऊक आहेत.

सभासदांची संस्था आणि दुकान यांत फरक काय, हा वाद न्यायालयातही बराच गाजला. क्लबाने सभासदाला चहा दिला तर ती विक्री झाली का? १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मद्रासच्या यंग मेन्स इंडियन असोसिएशनच्या प्रकरणात नाही म्हटले. सभासदांचा माल सभासदांनाच दिला, माणूस स्वतःलाच काही विकू शकत नाही. २०१९ मध्ये कलकत्ता क्लबाच्या प्रकरणात न्यायालयाने हेच तत्त्व पुन्हा उचलून धरले. मग २०२१ मध्ये संसदेने कायद्यातच दुरुस्ती केली, ती १ जुलै २०१७ पासूनची धरली आणि करापुरते क्लब व सभासद हे दोन वेगळे इसम मानले. वकिलांना यात बरेच काम आहे. आपल्याला घ्यायचे ते एवढेच, की ‘आपले’ हा शब्द कायद्यानेही गंभीरपणे घेतलेला आहे.

पुन्हा चलथाण

दुसऱ्या सभेला मी मसुदा घेऊन गेलो. थकबाकीचे कलम वाचून दाखवले तेव्हा सभागृहात शांतता पसरली, कारण त्या हिशेबाने कार्यकारिणीतल्या अकरापैकी पाच जणांना मत नव्हते. खजिनदारांनी पावतीपुस्तक काढले आणि सभा अर्धा तास तहकूब झाली. नानांनी सर्वांत आधी पैसे भरले.

मग तिसरे कलम. मी सुचवले होते : ‘मंडळाची उद्दिष्टे मान्य असलेली आणि मराठीतून चालणारे कामकाज समजू शकणारी कोणीही सज्ञान व्यक्ती.’ मातृभाषेची अट काढली, कामकाजाची भाषा राखली. आमच्या मुलींनी गुजराती घरे केली आहेत. त्यांची मुले ‘आजी’ म्हणतात आणि पुढचे वाक्य गुजरातीत बोलतात. मातृभाषेच्या अटीवर उद्या ती मुले बाहेर राहिली असती. नाना उठले. मला वाटले विरोध करणार. ते म्हणाले, ‘‘माझ्या नातवाचं नाव पहिलं लिहा. अठराचा झाला की.’’ ठराव मंजूर झाला. शेजारच्या गृहस्थांचा अर्ज सूचक-अनुमोदकासह पुढच्या महिन्यात आला.

सभा संपत असताना एक बाई मागून उभ्या राहिल्या. त्या जवळच्या शाळेत शिक्षिका आहेत. त्या म्हणाल्या, ‘‘कारखान्याच्या मागे पडाव पडलाय. नंदुरबार, धुळे, डांगाकडची कुटुंबं आहेत. आमच्या शाळेत त्यांची चार मुलं येतात, चार महिने. घरात अहिराणी, भिली, मावची बोलतात, मराठी सगळ्यांना कळते. आपण आजवर त्यांना गणपतीला बोलावलं आहे का?’’

कोणी काही बोलले नाही. सहकारी साखर कारखान्याचा सभासद ऊस पिकवणारा असतो. ऊस तोडणारा सभासद नसतो. हे बारडोली-चलथाणकडेच असे नाही, प्रवरेपासून सगळीकडे तसेच आहे. या पट्ट्यातल्या कोयतेवाल्यांवर यान ब्रेमन या डच अभ्यासकाने पुस्तके लिहिली. ती परदेशात वाचली जातात. आमच्या मंडळाच्या वहीत मात्र गेल्या सगळ्या वर्षांत त्या माणसांचा उल्लेख नव्हता. मी शोधून पाहिले. मातृभाषेची अट होती तेव्हाही त्यांच्यातले कित्येक तीत बसत होते आणि दारही त्यांना कधी बंद नव्हते. आम्ही बोलावले नव्हते, एवढेच. काळ्या गोळ्याची गरजच पडली नाही.

वर्गणी परवडणार नाही, हंगामी माणसे आहेत, गणपतीच्या दिवसांत ती इथे नसतातच, असे मुद्दे निघाले. सगळे खरे होते. हंगाम दिवाळीनंतर, गणपती भाद्रपदात. शिक्षिकाबाई म्हणाल्या, ‘‘मग संक्रांतीला बोलवू.’’ इतिवृत्तात त्या दिवशी मी शेवटची ओळ लिहिली : ‘ऊसतोड कुटुंबांना संक्रांतीच्या कार्यक्रमास बोलावण्याचा विषय पुढील सभेपुढे ठेवावा.’ सूचक म्हणून बाईंचे नाव आले. अनुमोदकाच्या जागी थोडा वेळ काहीच नव्हते. मग नानांनी चष्मा मागितला आणि सही केली.